राखणीची काठी

अष्टमी, रोहा
११ जानेवारी २०२४

मितेश,

फोन केला की तू "ताई, शिफ्टला निघालोय, मग बोलतो" म्हणतोस, आणि तुझं ते 'मग' काही उगवत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. माझा दीर नाथा दर शनिवारी टेम्पो घेऊन पेणला येतो, त्याच्या हाती हे पाठवते. उत्तरही त्याच्याच हाती दे. त्याला चहा पाज, नाहीतर पत्र खिशात तसंच राहतं आणि शर्टाबरोबर धुतलं जातं.

आई काल रडली. म्हणाली, "मितू परदेशात चाललाय गो, दोन वर्सं. पगार पन नाय." मला आधी वाटलं, तिला कोणीतरी काहीतरी भलतंच सांगितलं. मग ती म्हणाली की पासपोर्टसुद्धा घरात येऊन पडलाय. आफ्रिकेत, सिएरा लिओन का काय ते, तिथे जाऊन लोकांसाठी फुकट काम करणार म्हणे. राहणं-जेवण त्यांचं. डोलवीच्या कारखान्यातली चालती शिफ्ट सोडून!

अरे, काळुराम काकाला जाऊन अजून सहा महिने नाही झाले. उधाणाने बांधाला खांड पडली, काकाला घेऊन गेली, चौदा घरांची शेती खारी झाली. शेजारच्या दारात बायजा काकी एकटी बसलेली असते, तिला ना मूल ना बाळ. आपल्या घरात आई, तिचे ते गुडघे. त्या दोघींच्या मध्ये पुरुषमाणूस म्हणून तू एकटा उरलास. बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. काकाने तुला बोटाला धरून त्या बांधावरून चालायला शिकवलं, ते तुला आठवत नसेल, मला आठवतं.

मला एकच सांग. का? पण खरं सांग.

तुझी ताई
वैशाली

---

धाकटी खार, ता. पेण
२० जानेवारी २०२४

ताई, नमस्कार.

नाथाभाऊंना चहा पाजला, वर दोन वडेही दिले. पत्र सुखरूप पोचेल.

तू का म्हणून विचारलंस. संस्थेच्या फॉर्मवरही हाच प्रश्न होता. "दीर्घ मुदतीसाठी परदेशात स्वयंसेवक म्हणून का यायचं आहे, ते पाचशे शब्दांत लिहा." मी लिहिलं, आणि त्यांना ते आवडलं. तुला वेगळं काय सांगणार? त्यातलंच मराठीत उतरवून पाठवतो.

"माझा जन्म खाडीकाठच्या गावात झाला. समुद्राचं पाणी अडवून भात पिकवण्याची विद्या आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ही विद्या जगातल्या इतर शेतकऱ्यांपर्यंत पोचावी आणि त्यांच्याकडून मलाही शिकता यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मानवतेला सीमा नसतात. स्वतःच्या क्षितिजापलीकडे जाऊन सेवा करण्यातच जीवनाचं सार्थक आहे, असं मी मानतो."

तिथेही नदीच्या मुखाशी तिवरांच्या रानात भात लावतात. मातीचे बांध घालतात, ते फुटतात. त्यांना सिव्हिलचा डिप्लोमा असलेला आणि चिखलात उतरलेला, असा माणूस हवा होता. असे फार मिळत नाहीत म्हणे.

आईच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणून ठेवल्यात. बायजा काकीच्या घराची कौलं परतली. सगळं लावून जातोय. काळजी करू नकोस.

मितेश

---

अष्टमी, रोहा
२६ जानेवारी २०२४

मितेश,

तुझा निबंध वाचला. दोनदा वाचला. मला पहिल्यांदा हसू आलं, मग भीती वाटली.

'मानवतेला सीमा नसतात.' हे तू? ज्याला शेजारच्या आळीत हळदीला पाठवायचं तरी आईला हात जोडावे लागत! 'क्षितिजापलीकडे' म्हणे. तुझ्या क्षितिजात पेणचा एस. टी. स्टँड येतो आणि डोलवीचा गेट येतो. तिथे तुझा शेवट होतो. हे सगळं कुठून उतरवलंस?

मी इथे ब्लाउज शिवते, मितेश. बाई आरशासमोर उभी राहून म्हणते "छान बसलंय", आणि हात वर करत नाही. मला कळतं की काखेत काचतंय. तुझं पत्र तसं आहे.

तुझ्या त्या नूतनचं लग्न ठरलं म्हणून जातोयस का? तसं असेल तर सरळ सांग, मी हसणार नाही. (थोडी हसेन.) की डोलवीला कोणाशी भांडलास? की काकाचं दुःख तुला सोसत नाही? ते असेल तर दुःख आम्हालाही आहे. काकी ते घेऊन रोज दारात बसते. ती कुठे जाईल?

लोक अजून बोलतात. म्हणतात, बांधातून पाणी सोडायच्या उघाडीजवळ खेकड्यांनी एवढं बीळ केलं आणि कोणालाच पत्ता लागला नाही, हे कसं? मी म्हणते, काकाला तरी कुठे लागला.

जायच्या आधी अष्टमीला ये. पुलावरून चालत ये, कुंडलिका बघत. मी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायला सांगते. जेवू आणि बोलू.

ताई

---

रोकुपुर, सिएरा लिओन
१४ सप्टेंबर २०२५

ताई,

मी त्या वेळी अष्टमीला न येता गेलो, त्यावर तू एक शब्द काढला नाहीस. दीड वर्ष आपण फोनवर पाऊस कसा आहे आणि आईचे गुडघे कसे आहेत एवढंच बोललो. आज कागदावर लिहून त्याचा फोटो काढून पाठवतोय. तूही तसंच कर. जीप तालुक्याच्या गावाला जाते, तिथे रेंज येते.

इथली माणसं चांगली आहेत. भेटलं की "हाऊ दि बॉडी?" असं विचारतात, म्हणजे शरीर कसं आहे. बाकीचं विचारत नाहीत, म्हणून मला बरं वाटायचं.

बांध आपल्यासारखाच. तोच काळा चिखल, तेच खेकडे, तीच तिवरं. गेल्या महिन्यात बैठक झाली. बांधावर लक्ष कोणी ठेवायचं, हा प्रश्न निघाला. मी बोलून गेलो की आमच्या गावात राखणीची काठी असते. उधाणाचे चार दिवस ज्याची राखण, त्याच्या दारात काठी. चार दिवस संपले की तो ती पुढच्या घरी नेतो, "राखण दिली" म्हणतो, पुढचा "घेतली" म्हणतो, आणि मगच काठी हातातून सुटते. त्यांना हे फार आवडलं. त्यांनी तिवराची एक काठी तोडून आणली. गावातला म्हातारा पुढे आला आणि माझ्यासमोर धरली. म्हणाला, तू शिकवलंस, पहिली तुझी.

मला हात पुढे करता आला नाही. मी सगळ्यांसमोर खाली बसलो.

आता लिहितो. त्या आषाढातल्या अवसेला राखण काकाची नव्हती. आपली होती. काठी आपल्या दारात होती. सकाळी मिथुन सुपरवायझरचा फोन आला, "माणूस कमी हाय, येतोस का?" मी नाही म्हणू शकलो असतो. त्याने जबरदस्ती केली नाही. पण गटारीच्या दिवशी जो कामावर येतो त्याचं नाव साहेबांच्या लक्षात राहतं, आणि मला कायम व्हायचं होतं. मी काठी उचलली आणि काकाच्या दाराला टेकवून गेलो. दार उघडं होतं. मी आत हाक मारली नाही. "राखण दिली" म्हटलं नाही. हाक मारली असती तर काकाने विचारलं असतं, तुझे चार दिवस कुठे भरले?

दारात काठी असली की काका विचारत नसे. सत्तरीतला माणूस, चिखलात उतरला. दुपारी पाणी भरलं आणि खांड पडली. मला संध्याकाळी गेटवर कळलं. दुसऱ्या दिवशी गाव म्हणालं, काठी काळुरामच्या दारात होती, त्याचीच राखण होती, नशीब. माझे दिवस भरले होते का, हे कोणी मोजलं नाही. मी तिथे उभा होतो. मी मान हलवली.

तू विचारलं होतंस का म्हणून. मी सेवा करायला आलो नाही, ताई. काकीच्या दारावरून रोज जावं लागत होतं, म्हणून आलो.

मितेश

---

अष्टमी, रोहा
५ ऑक्टोबर २०२५

मितेश,

तीन आठवडे मी पेन हातात घेतलं नाही. मशीनवर बसले की टाके चुकत होते. घरच्यांना सांगितलं, डोळे दुखतायत.

तुझा राग आला म्हणून लिहीत नाही असं समजू नकोस. राग आलाच, इतका आला की तुझा लहानपणचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला, मग परत लावला. पण त्याहून वाईट हे, की दिवाळीत मी माहेरी जाईन, काकी माझ्या हातावर चकली ठेवेल आणि मला ती खावी लागेल. तुझ्या पापाचा अर्धा डबा तू माझ्याकडे पाठवलास आणि तिथे मोकळा झालास.

काकी लोकांना काय सांगते माहीत आहे तुला? "आमचीच राखण होती, त्यांचा नाईलाज होता." ती बिचारी नवऱ्याची चूक झाकते. नसलेली चूक! लोक म्हणतात म्हाताऱ्याला दिसलं नाही, बीळ सुटलं, चौदा घरं बुडाली. दोन वर्षं तो माणूस मरूनही गावाची बोलणी खातोय, आणि तू आफ्रिकेत बांध बांधतोयस.

मी सांगणार नाही तिला. तूच सांगायचंस. फोनवर नको, तिला फोनवर नीट ऐकू येत नाही. आणि ये म्हटलं तर तू येणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. मग लिही. मी वाचून दाखवेन. मला ते करायची अजिबात इच्छा नाही, पण करेन.

ताई

---

रोकुपुर
२१ डिसेंबर २०२५

ताई,

अडीच महिने लागले. अकरा वेळा लिहून फाडलं. खाली आहे ते वाच.

"बायजा काकी,

मी मितेश. तुझ्या मांडीवर जेवलेला. त्या दिवशी राखण आमची होती. मी कामावर जायचं म्हणून काठी तुझ्या दाराला लावून गेलो, कोणाला न सांगता. काका माझ्या जागी गेले. त्यांची काही चूक नव्हती. गावाला हे सांग, किंवा ताईला सांगायला लाव. माझी माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो. तू जे म्हणशील ते मी करेन.

मितेश"

म्हातारा अजून विचारतो, काठी का घेतली नाहीस. मी म्हटलं, हात दुखत होता. तेव्हापासून तो रोज सकाळी माझ्या हाताला तेल लावतो.

मितेश

---

अष्टमी, रोहा
२२ जानेवारी २०२६

मितेश,

रविवारी, अकरा तारखेला, धाकटी खारला गेले. काकी ओटीवर वाल सोलत होती. आई शेजारी आपल्या घरात होती. मी म्हटलं, काकी, मितूचं पत्र आहे तुला. ती म्हणाली, "वाच." सोलायची थांबली नाही.

मी वाचलं. मधे थांबून पाणी प्याले, परत वाचलं. संपल्यावर तिने सूप जवळ ओढलं. दोन-चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "ह्ये मला ठावं हाय गो."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगायला लागले, तर तिने हात केला. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"मी चुलीपाशी व्हते. दार उघडं व्हतं. पोरानं काठी टेकवली, वर बघितलं पन नाय. मी ह्यांना बोलले, राखण आपली नाय, मी त्याच्या आयशीला सांगून येते. तर हे बोलले, राहू दे, पोराला नोकरी लागतेय, एक दिवस मी करतो. हसत गेले गो."

मी विचारलं, मग काकी, तू अडीच वर्षं बोलली का नाहीस?

"मी काय बोलायचं? त्यानं बोलायचं. दहाव्याला आला, तेराव्याला पानी भरलं, पत्रावळी उचलल्या. मला वाटलं, आता बोलेल. कौलं परतायला वर चढला, मी खाली शिडी धरून हुभी. वाटलं, उतरला की बोलेल. उतरला न् हात धुतले न् गेला. मंग इमानात बसला. मी दारात कोनासाठी बसते? ह्यांच्यासाठी? ते काय येनार हायत?"

मी म्हटलं, आता बोलला ना. ती म्हणाली, "तू वाचलंस. त्याचा आवाज कुठं आला?"

मग ती उठली, माळ्यावरून काठी काढली. तीच काठी, लोखंडी टोकाची. चिखलात रुतलेली सापडली होती, ती तिने ठेवून दिली होती. गावात राखण बंदच झाली, त्यामुळे कोणी मागितली नाही. ती चालत आपल्या दारापर्यंत आली, काठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "राखण दिली."

मी हात पदराखाली घेतले. तू तिथे खाली बसलास, मी इथे नुसती उभी राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, "घेतली." आई दाराच्या चौकटीत होती. किती वेळ होती कोण जाणे. सगळं ऐकलं असणार. तिने काठी घेतली, दाराला टेकवली आणि आत जाऊन भाताचा कुकर लावला.

मी अष्टमीला परत आले खरी, पण जीव लागेना. पुढच्या रविवारी अवस होती, म्हणून पुन्हा गेले. घरात आई नव्हती. काकी म्हणाली, बांधावर गेली. कुठला बांध, मितेश? तू गेल्यापासून अर्धा वाहून गेलाय, वर तिवरं उगवलीत, आपल्या खाचरात मासे फिरतात. आई खांडीपर्यंत गेली होती. काठी रोवून पाण्याकडे बघत उभी. गुडघ्यापर्यंत चिखल. मी ओरडले, अगो आई, राखायला काय राहिलंय इथं? ती म्हणाली, "मितूची राखण हाय. तो येईपर्यंत मी करते."

पाणी ओसरेपर्यंत ती हलली नाही. तिथून मी तिला धरून आणली. सोमवारी मी परतल्यावर ती पुन्हा गेली. माझ्याशी बोलत नाही. काकीशी बोलते, दोघी एकाच ताटात जेवतात, हे मला समजत नाही, आणि मी विचारलंही नाही.

तू लिहिलं होतंस, काकी जे म्हणेल ते करेन. ती 'ये' म्हणाली नाही. पण तिने अजून दार लावलेलं नाही. मार्चमध्ये तुझी दोन वर्षं संपतात. ये. तिच्यासमोर उभा राहा आणि तोंडाने बोल. एवढंच उरलंय, मितेश, बाकी काही करण्यासारखं नाही.

ताई

---

रोकुपुर
५ फेब्रुवारी २०२६

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. जीपच्या मागच्या सीटवर वाचलं.

मी एकोणीस जानेवारीला आणखी दोन वर्षांच्या फॉर्मवर सही केली. पत्र आधी मिळालं असतं तर केली नसती, असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं बोलायचं आता बंद केलंय. बहुतेक केलीच असती.

त्या फॉर्मवरही तोच प्रश्न होता, का राहायचं आहे. ह्या वेळी मी खरं लिहिलं. एकच ओळ. "घरी परत जायची माझी हिंमत नाही." संस्थेच्या बाई चांगल्या आहेत. त्या वाचून हसल्या, म्हणाल्या, हे असं चालत नाही, काहीतरी आशादायक लिहा. मग मी दोन वर्षांपूर्वीचा निबंध काढला आणि तोच उतरवला. मानवतेला सीमा नसतात. मंजूर झाला.

काका हसत गेले, हे तू लिहायला नको होतंस. मी नेहमी समजत होतो की ते मला शिव्या देत गेले असतील. त्या शिव्यांवर मी इतके दिवस काढले.

आईला थांबव. ती थांबणार नाही, मला माहीत आहे. मग एवढं तरी सांग. येत्या अवसेला, सतरा तारखेला, साडेबाराच्या सुमाराला पाणी भरेल. तिने उघाडीच्या उजव्या अंगाला पाय टाकू नये. अर्धा बांध गेला तरी खांडीलगतचा तेवढा तुकडा वरून धड दिसत असेल. तोही आतून पोकळ आहे, खांड जिथून पडली ते बीळ त्याच्याखाली शिरलेलं होतं, माझा दंडापर्यंत हात आत जात होता.

हो ताई. अवसेच्या आदल्या दिवशी फेरी मारताना मी ते बीळ बघितलं होतं. संध्याकाळ झाली होती, म्हटलं, उद्या सकाळी बुजवू. सकाळी मिथुनचा फोन आला. काठी टेकवताना हाक मारून एवढं सांगितलं असतं, काका, उजवीकडे बघा, तर पुरलं असतं.

हे काकीला वाचून दाखवू नकोस.

मितेश